महामायाची खोली

दुपारचे चार वाजून गेले की महामाया सोनकांबळे पाण्याचा तांब्या दूर सारायची. ऊन कितीही असो, घसा कितीही कोरडा पडो. चाकूर तालुक्यातल्या त्यांच्या गावात मे महिन्यात पत्र्याखाली बसवत नाही, पण चारनंतर तिच्या पोटात घोटभर पाणी जायचं नाही. कंबरेखालचं अंग गेल्यापासून तिला लघवीची जाणीव राहिली नव्हती. दर काही तासांनी आई, सुमनबाई, नळी घालून तिला मोकळं करायची. पाणी कमी तर आईच्या खेपा कमी, एवढा सरळ विचार. त्यापायी वर्षातून दोन-तीनदा तिला हुडहुडी भरून ताप यायचा. डॉक्टर रागवायचे, "पाणी पीत जा बाई." ती "हाव" म्हणायची आणि घरी येऊन पुन्हा तांब्या दूर सारायची.

अशी बारा वर्षं गेली.

ती एकोणीस वर्षांची होती, लातूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा कॉलेजहून येताना गच्च भरलेली जीप वळणावर उलटली. बाकीच्यांना खरचटलं, हिच्या मणक्यावर बेतलं. पाय आता चालणार नाहीत हे डॉक्टरांनी तिच्या थोरल्या भावाला, धम्मानंदला, बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं. आईला दोन दिवसांनी कळलं. महामायाला आठ दिवसांनी, तेही एका नर्सच्या तोंडून चुकून. माझ्याच पायांची बातमी मला सगळ्यांच्या शेवटी कळली, हे तिच्या मनात कायमचं राहिलं.

घरच्यांनी तिला टाकलं असतं तर गोष्ट वेगळी होती. पण त्यांनी तिला फुलासारखं जपलं. वडील ती शाळेत असतानाच वारले होते. धम्मानंद शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर, घरचा कर्ता तोच. विहारात जायचं, मत द्यायला जायचं, कुणाच्या लग्नाला जायचं, तो बहिणीला पाठुंगळी घ्यायचा आणि निघायचा. गावात लोक म्हणायचे, भाऊ असावा तर धम्मानंदसारखा. ते खोटं नव्हतं. पण पाठुंगळी बसलेल्या माणसाला कुठं जायचं ते पाठ ठरवते, आणि कधी परतायचं तेही.

एका वाटपाच्या कार्यक्रमात तिला चाकाची खुर्ची मिळाली होती. फोटो निघाले, हार पडले. घरी आणल्यावर कळलं की ती बैलगाडीएवढी रुंद आहे, दारातून आत येत नाही. मग ती अंगणातच राहिली. भावजय पुनम तिच्यावर सांडगे वाळत घालायची.

नांदेडच्या शिबिराचं तिला मोबाइलवर कळलं. मणक्याला मार बसलेल्यांसाठी दहा दिवसांचं शिबिर, आणि चालवणारे सगळे स्वतः खुर्चीवर बसणारे. धम्मानंद तिला घेऊन गेला आणि आपली वळकटीही बरोबर घेऊन गेला. तिथं त्यांना उमाशंकर भेटला. देगलूरचा माणूस, पन्नाशीला आलेला. तरुणपणी विहिरीत सूर मारताना मान मोडली, तेव्हापासून खुर्चीवर. बोटांतही जोर नाही.

"भावाला जेवून जाऊ द्या," तो म्हणाला, "पण मुक्काम न्हाई. आई, भाऊ, नवरा, कुणालाच आम्ही इथं ठेवून घेत न्हाई."

"अहो, तिला माझ्याशिवाय..." धम्मानंद बोलायला लागला.

"तेच बघायचं हाय, सर."

पहिल्या संध्याकाळी अकरा जण गोल बसले. उमाशंकरनं सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, "मागच्या वर्षभरात स्वतःच्या मनानं केलेली एक चूक सांगा."

लोक हसले. महामाया खूप वेळ आठवत राहिली. साडीचा रंग पुनम निवडायची, भाजी आई ठरवायची, दवाखाना दादा. तिनं एकही चूक केली नव्हती, कारण चुकायला जागाच नव्हती. "एकही न्हाई," ती शेवटी म्हणाली.

"मग तुमचं जगणं जगतंय कोण?" उमाशंकरनं विचारलं. "तुम्ही का तुमचे घरचे?"

तिला राग आला. माझ्या माणसांना नावं ठेवणारा हा कोण? त्या रागात ती नीट जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाहिलं, उमाशंकरच्या सदऱ्याची बटणं त्याचा मदतनीस लावत होता. तिनं संधी साधली. "सर, आम्हाला स्वतंत्र व्हा म्हणता अन् बटणं दुसऱ्याकडून लावून घेता?"

तो मनापासून हसला. "मला बटणं लावाय पाऊण तास लागतो. तेवढ्यात मी दोघांचे अर्ज तपासतो. कोणता सदरा ते मी सांगतो, बटणं हा लावतो. आता सांगा, सदरा कुणी घातला?"

स्वतंत्र म्हणजे सगळं एकट्यानं रेटणं, असं ती इतकी वर्षं समजत होती. म्हणूनच तो विषय तिनं बंद करून ठेवला होता.

त्या दहा दिवसांत ती पुष्कळ शिकली. खुर्चीवरून पलंगावर सरकायचं कसं, बुडाला जखमा होऊ नयेत म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलायचं कसं, पायरी आली तर समोरच्या माणसाला नेमकं काय धरायला सांगायचं. आरसा लावून स्वतःची नळी स्वतः घालायलाही शिकली. पहिले तीन दिवस जमेना, ती रडली. आठव्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता तिनं दोन पेले पाणी घटाघटा संपवलं आणि तिसरा मागितला. पाणी देणाऱ्या बाईला वाटलं, हिला ऊन लागलंय.

शिबिरातून मिळालेली, घराच्या दारात मावणारी नवी खुर्ची घेऊन ती घरी आली. आठवड्यानं तिनं सांगितलं, "मी लातूरला खोली करून राहणार."

धम्मानंदनं ताटावरून हात उचलला. "मी कुठं कमी पडलो?"

"कुठंच न्हाई, दादा. तेच तर अवघड हाय."

पुढं तीन आठवडे तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. सुमनबाईनं तर ऐकलंच नाही असं दाखवलं आणि भाकरी थापत राहिली. पुनमची अडचण निराळी होती. ती एका दुपारी महामायाच्या बाजेशी येऊन बसली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "वन्सं, तुम्ही खुशाल जा. माझं मन म्हणतंय जा. पण गाव काय म्हणल? भावजयीनं नणंदेला हाकललं. जल्मभर माझ्या कपाळी."

हे महामायाच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिनं चार दिवस विचार केला. पौर्णिमेला विहारात वंदना झाली, खीर वाटायच्या आधी बायका बसलेल्या असताना ती म्हणाली, "मला दोन शब्द बोलायचेत." बारा वर्षांत ती तिथं पहिल्यांदा बोलत होती.

"मी लातूरला राहायला चालले. मला कुणी हाकललं न्हाई. माझ्या भावजयीनं बारा वर्षं माझी लुगडी धुतली, तोंड वाकडं केलं न्हाई. उद्या कुणी तिला बोल लावला तर मला फोन लावा, मी येऊन भांडंल."

एक म्हातारी म्हणाली, "येशील कशी ग तू?"

"बसनं," महामाया म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. पुनम पदरानं डोळे पुसत खीर वाढायला उठली. धम्मानंद पुरुषांच्या बाजूला बसला होता, त्यानं सगळं ऐकलं. दुसऱ्या दिवशी तो शाळेतून आला तो मोजपट्टी घेऊनच. "तुझ्या नव्या खुर्चीचं माप सांग. खोल्या बघाय जाऊ."

लातुरात शिकवणीच्या पोरापोरींसाठी घरोघरी खोल्या आहेत. फोनवर सगळे या म्हणायचे. दारात खुर्ची पाहिली की कुणाची खोली एकदम वरच्या मजल्यावर जायची, कुणाची कालच भाड्यानं गेलेली असायची. कुणी विचारायचं, "उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?" काहीजण आधी आडनाव विचारायचे. नकार खुर्चीला होता की आडनावाला, हे कळायला मार्ग नसायचा. दोन्ही बोलून दाखवायची सोय नाही, म्हणून लोक तिसरंच कारण सांगायचे.

सतरावं घर बसम्माचं. बसम्मा पासष्टीची, एकटी राहणारी विधवा बाई, माहेर पार सीमेपलीकडचं, म्हणून बोलण्यात कानडी. खालची खोली रिकामी होती. आधीच्या पोरांनी भिंतींवर पेनानं विज्ञानाची सूत्रं लिहून ठेवली होती.

"टीव्ही मोठ्यानं लावतीस का?" बसम्मानं विचारलं.

"टीव्ही न्हाई माझ्याकडं."

"भिंतीवर लिहितीस?"

"न्हाई."

"मग राहा."

न्हाणीचं दार तेवढं अडचणीचं होतं. खुर्ची चोवीस इंच, दार बावीस. धम्मानंदनं गवंडी लावून दार मोठं करून देतो म्हटलं. बसम्मानं बरंच तोंड वाकडं केलं, मग तिला कानडीत 'तंगी', म्हणजे धाकटी बहीण, म्हणत म्हणाली, "करा. पण तंगी, जाताना पुन्हा बारकं करायचं न्हाई. मी काय जल्मभर चालणाराय का?"

खोलीत पहिल्या दिवशी सुमनबाईनं तवा, मसाल्याचा डबा आणि एक सुरी मांडून ठेवली. निघताना ती दारात थबकली. "ओटा उंच हाय ग." "पाट खाली मांडलाय, आई. मी बसून करते." सुमनबाई जीपकडं गेली.

महामायानं बी.ए. पुरी केली नव्हती, पण संगणक ती घरबसल्या चांगला शिकली होती. कोपऱ्यावरच्या सेवा केंद्राचं काम तिनं घेतलं: प्रवेशाचे अर्ज, दाखले, शिष्यवृत्त्या. जूनमध्ये तिच्या खिडकीबाहेर पोरांची आणि त्यांच्या बापांची रांग लागायची.

सकाळचे दोन तास मदतीला गंगम्मा यायची. देगलूरकडची, घरात तेलुगू बोलणारी बाई, नवरा लातुरात मिस्तरी. हाताला चलाख आणि मनाची राणी. "अक्का, आज डोकं धुवायचं न्हाई, आभाळ आलंय." "अक्का, ही साडी नको, ती नेसा." महामाया मान डोलवायची. बारा वर्षांची सवय होती. मदत करणाऱ्या माणसाला उलट बोलायचं नसतं. आठ दिवस डोकं धुतलं गेलं नाही, केसांच्या जटा व्हायला आल्या. नवव्या दिवशी ती म्हणाली, "गंगम्मा, डोकं धुवायचंय. आजच. आणि निळी साडी काढ."

गंगम्मानं तिच्याकडं पाहिलं. "मग सांगायचं की आधी. मला काय मालूम?" आणि पाणी तापवायला गेली.

एवढंच होतं ते. महामायाला हसू आवरेना.

सगळंच असं सोपं गेलं नाही. चौथ्या महिन्यात, एका रविवारी, गंगम्माची सुटी होती आणि बसम्मा उदगीरला लग्नाला गेलेली. न्हाणीत खुर्चीवरून पाटावर सरकताना महामायाचा हात ओल्या फरशीवर घसरला आणि ती खाली आदळली. मोबाइल पलंगावर होता. तिनं हाका मारल्या. रस्त्यावरून कुणाचा तरी लाउडस्पीकर चालला होता. मग तिनं हाका थांबवल्या. कोपरांवर सरकत, मधे थांबत, ती खोलीत आली. पलंगावरची चादर ओढली तशी मोबाइल तिच्या डोक्यावरच पडला. गंगम्माला फोन लागला तेव्हा पडून दीड तास झाला होता. गंगम्मा भाजी अर्धी चिरून आली.

पाय दुखत नव्हता, कारण तो दुखूच शकत नव्हता. पण नडगी सुजून टरटरली होती. दवाखान्यात फोटो काढला, हाडाला तडा गेलेला. प्लास्टर घातलं. संध्याकाळपर्यंत धम्मानंद खोलीवर आला. प्लास्टर पाहून तो म्हणाला, "चल. सामान मी उद्या नेतो."

"मी येत न्हाई, दादा."

"मरायचंय का तुला इथं?"

महामायानं प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी सरळ केला. "तू मोटारसायकलवरून दोनदा पडलास. दुसऱ्या वेळेला खांदा निखळला. आईनं तुझी गाडी विकली का?"

"ते येगळं."

"काय येगळं?"

धम्मानंद चिडून म्हणाला, "म्हणजे पडायचीच मुभा पाहिजे तुला?"

"हाव."

तो बाहेर गेला. गंगम्माला वाटलं, गेला रागानं. अर्ध्या तासानं तो आला तेव्हा त्याच्या हातात दोन लोखंडी दांडे होते, जाड, खरबरीत मुठीचे, आणि एक लांब दोरी. दांडे त्यानं न्हाणीच्या भिंतीत बसवून घेतले. मोबाइल गळ्यात अडकवायची दोरी स्वतः विणली. विणताना कुणाकडं बघितलं नाही.

बसम्मा लग्नाहून परतली आणि सगळं ऐकून तिनं कपाळावर हात मारून घेतला. पहिले चार महिने ती महामायाच्या खोलीत पाणीसुद्धा प्यायली नव्हती. महामायानं ते पाहिलं होतं, कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशी बसम्मा पलंगाच्या कडेला टेकली, गुडघे चोळत म्हणाली, "चहा ठेव म्हण तुझ्या गंगम्माला. मला बी." महामायानं गंगम्माला तीन कप मांडायला सांगितले.

पुढच्या वर्षी ती उमाशंकरच्या कामात शिरली. लातूर-नांदेडकडचे खुर्चीवरचे तीसेक जण एकत्र आले होते. कुणाला घरात राहायचं होतं पण आपल्या मर्जीनं, कुणाला घर सोडायचं होतं. तीन डिसेंबरला, दिव्यांग दिनाला, एका तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेनं सत्कार ठेवला होता. ब्लँकेट आणि स्टीलचे डबे वाटायचे होते. व्यासपीठाला पाच पायऱ्या. महामायाचं नाव पुकारलं तशी दोन तगडी माणसं तिला उचलायला धावली.

"हात लावू नका," ती म्हणाली. "माइक खाली द्या."

थोडी गडबड झाली. माइकची वायर पुरेना. वायरवाल्यानं शेवटी स्पीकरच पुढं ओढला.

"ब्लँकेट आमच्या सगळ्यांकडं हायत," महामाया म्हणाली. "मागच्या तीन वर्षांची. या वर्षी आमच्यासाठी ठेवलेल्या पैशातून दारं मोठी करून द्या. न्हाणीची, संडासाची. ज्याच्या त्याच्या मापानं. माप आम्ही आणून देतो."

पाहुणे सत्काराच्या शाली घेऊन ताटकळले होते. पण मागच्या रांगेतून, खुर्च्यांवरून, कुबड्यांवरून टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत. लगेच काही झालं नाही. चौदा महिने अर्ज, खेपा, पुन्हा अर्ज. महामाया दर सोमवारी फोन लावायची; तिकडच्या बाबूला तिचा आवाज पाठ झाला होता. शेवटी अकरा घरांची दारं मोठी झाली. किनवटकडच्या एका पाड्यावर दार मोठं करताना भिंतच पडली, मग भिंतही नवी बांधावी लागली. ते घर बघायला ती स्वतः गेली, बस आणि रिक्षा करत, दोन दिवसांचा प्रवास करून.

यंदाच्या हिवाळ्यात सुमनबाईच्या डोळ्याला मोतीबिंदूचं ऑपरेशन सांगितलं. दवाखाना लातूरचा. कुठं राहायचं यावर घरात चर्चा चालली असताना सुमनबाईच म्हणाली, "माझी लेक हाय की लातुरात."

आठ दिवस ती महामायाच्या खोलीत राहिली. डोळ्यावर हिरवी पट्टी, वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही, दिवसातून सहा वेळा थेंब. महामाया खुर्ची पलंगाला लावायची, "आई, मान वर," म्हणायची आणि अचूक थेंब सोडायची. मोबाइलवर गजर लावलेले. पहिल्या दिवशी सुमनबाई संकोचली. "तुला तरास," म्हणाली.

"त्रास हायच थोडा," महामाया म्हणाली. "मान वर कर."

सुमनबाईला दिवसभर करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि तिच्या आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. ती खिडकीशी बसून रांगेतल्या बापांशी गप्पा मारायची. कुणी औशाचा, कुणी निलंग्याचा. गंगम्मानं तिला तेलुगूतली चार वाक्यं शिकवली. बसम्मा रोज दुपारी यायची आणि दोघी आपापल्या गुडघ्यांविषयी बोलायच्या. एकदा तर दोघी गल्लीच्या टोकापर्यंत पेरू आणायला गेल्या आणि तासभर आल्याच नाहीत. थेंबांची वेळ टळली म्हणून महामायानं दोघींनाही झापलं.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी काढली, नजर साफ म्हणाले. धम्मानंद न्यायला आला. खोलीत आला तर आई पाटावर बसून शेंगा सोलत होती, बॅग भरलेली नव्हती.

"चल आई. जीप थांबलीय."

सुमनबाईनं महामायाकडं पाहिलं. महामाया एका पोरीचा अर्ज भरत होती, तिनं पडद्यावरची नजर काढली नाही.

"तू जा पुढं," सुमनबाई म्हणाली. "मी रविवारी येते. बसनं."

धम्मानंद दारात उभा राहिला. मग त्यानं पायातल्या चपला काढल्या, आईसमोर बसला आणि एक मूठ शेंगा उचलून सोलायला लागला. जीपवाल्यानं बाहेरून दोनदा हॉर्न दिला, तेव्हा महामायाच खिडकीतून ओरडली, "थांबा जरा, चहा टाकलाय!"